जुना अ‍ॅम्प्लिफायर तापतोय? ट्रान्झिस्टर आणायला जाण्याआधी एवढं मोजा

माळ्यावरचा सत्तर-ऐंशीच्या दशकातला स्टीरिओ अ‍ॅम्प्लिफायर खाली काढून लावला, की बहुतेक वेळा तो वाजतो. आवाज ऐकून मन भरतं. मग अर्ध्या-पाऊण तासात मागचा हीटसिंक (ट्रान्झिस्टरची उष्णता बाहेर टाकणारा धातूचा ठोकळा) हात लावू देत नाही, गरम वार्निशचा वास यायला लागतो, आणि ओळखीतलं कुणीतरी सांगतं, "आउटपुटचे ट्रान्झिस्टर गेलेत, बदलून टाक."

हा सल्ला बहुतेक वेळा चुकीचा असतो. गेलेला आउटपुट ट्रान्झिस्टर सहसा शॉर्ट होतो आणि फ्यूज उडवतो. तासभर वाजत राहून तापणारा ट्रान्झिस्टर बऱ्याचदा चांगलाच असतो. त्याला कुणीतरी गरजेपेक्षा जास्त करंट वाहायला लावत असतं. ते "कुणीतरी" शोधणं हीच खरी दुरुस्ती. ते न शोधता नवे ट्रान्झिस्टर बसवले, तर तेही तसेच तापतात आणि पहिल्यांपेक्षा लवकर जातात. मागे पंखा लावणं हाही इलाज नाही. त्याने दोष झाकला जातो आणि पंखा बंद पडेल त्या दिवशी सगळा आउटपुट स्टेज जळतो.

इथे मी दोन चॅनेलचा, प्रत्येक चॅनेलला दोन आउटपुट ट्रान्झिस्टर असलेला अ‍ॅम्प्लिफायर धरून लिहितो आहे. ट्रान्झिस्टर २एन३०५५ किंवा त्याच्या जातीचे, धातूच्या टोपीतले, आणि सप्लाय अधिक-उणे ३५ व्होल्टच्या आसपास. आपल्याकडच्या जुन्या सेटांत हीच मांडणी जास्त दिसते. तुमच्या सेटचे आकडे वेगळे असतील, तरी तपासायचा क्रम हाच राहतो.

जवळ काय काय हवं

- डिजिटल मल्टिमीटर, ज्यावर डीसी २०० मिलिव्होल्टची रेंज आणि डायोड टेस्ट आहे. दोन मीटर असतील तर फार सोय होते.
- सिरीज बोर्ड: एक होल्डर, एक सॉकेट आणि ६० व १०० वॅटचे तारेचे जुने पिवळे बल्ब. एलईडी बल्ब इथे चालत नाही.
- २२० ओहम, १० वॅटचा रेझिस्टन्स, दोन्ही टोकांना इन्सुलेटेड क्लिपा लावलेला.
- सोल्डरिंग आयर्न, डीसोल्डर पंप, हीटसिंक पेस्ट, मायका वॉशर आणि इन्सुलेटिंग बुश (ट्रान्झिस्टरची टोपी आणि तिचे स्क्रू हीटसिंकपासून विजेने अलग ठेवणारे).
- आयसोप्रोपिल अल्कोहोल, कॉन्टॅक्ट क्लीनर, मऊ ब्रश.
- काळी इन्सुलेशन टेप आणि जमल्यास इन्फ्रारेड थर्मामीटर.
- सर्किट डायग्राम. मॉडेल नंबरवरून सर्व्हिस मॅन्युअल मिळालं तर अर्धं काम झालं. नाही मिळालं तरी चांगला चॅनेल हाच तुमचा नकाशा.

१. तापणं स्वभावाचं आहे की दोषाचं, ते आधी ठरवा

काही अ‍ॅम्प्लिफायर गरम राहण्यासाठीच बनवलेले असतात. क्लास ए जातीच्या सेटमध्ये गाणं वाजो न वाजो, करंट सतत पूर्ण वाहतो. जॉन लिन्सली हूड यांचा १९६९ साली प्रसिद्ध झालेला १० वॅटचा क्लास ए अ‍ॅम्प्लिफायर हौशी मंडळी आजही बांधतात; त्याचे हीटसिंक कायम गरमच असतात. तुमचा सेट त्या जातीचा असेल तर पुढचे आकडे त्याला लावू नका.

पण घराघरांतले बहुतेक सेट क्लास एबी असतात, म्हणजे काही वाजत नसताना त्यांत थोडाच करंट वाहतो. त्यांची कसोटी सोपी आहे. स्पीकर काढा, व्हॉल्यूम शून्यावर ठेवा, अर्धा तास चालू ठेवा. हीटसिंक कोमट झाला तर ठीक. काहीही वाजत नसताना तो चटका देण्याइतका तापला, तर दोष आतच आहे आणि पायरी २ पासून सगळं तुमच्यासाठी आहे.

नुसता ठेवल्यावर कोमट राहतो आणि वाजवल्यावरच तापतो, असं असेल तर आधी बाहेरच्या गोष्टी पाहा. मागच्या पट्टीवर "८ ते १६ ओहम" लिहिलंय आणि तुम्ही चार ओहमचे स्पीकर लावलेत का? ए आणि बी अशा दोन जोड्या एकदम चालू आहेत का? आठ ओहमच्या दोन जोड्या समांतर जोडल्या की चार ओहम होतात आणि करंट दुप्पट होतो. सेट शोकेसच्या बंद कप्प्यात आहे का, त्याच्या जाळीवर विणलेला रुमाल आणि त्यावर फुलदाणी आहे का? या जाळीतूनच गरम हवा वर जायची असते.

खोलीचं तापमानही मोजायला विसरू नका. हीटसिंक हवेपेक्षा २०-२५ अंश वर जाणं नेहमीच्या वापरात चालतं. पुण्यात डिसेंबरमध्ये तो ४५ अंशांवर थांबेल; तोच सेट नागपूरला मे महिन्यात कसलाही दोष नसताना ६५-७० वर जाईल. आणखी एक गोष्ट नवख्यांना पटत नाही: क्लास एबी अ‍ॅम्प्लिफायर पूर्ण आवाजाला सगळ्यात जास्त तापत नाही. ट्रान्झिस्टरमध्ये सर्वाधिक उष्णता निघते ती पूर्ण पॉवरच्या साधारण ४० टक्क्यांवर. "फार मोठ्याने लावलाच नव्हता" हे म्हणणं म्हणूनच काही सिद्ध करत नाही.

परदेशातून आलेल्या सेटचं व्होल्टेज सिलेक्टर मात्र पहिल्याच दिवशी पाहा. जपानच्या देशी बाजारातला सेट १०० व्होल्टचा असतो, त्याला स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतोच. सिलेक्टर २२० वर आहे आणि तुमच्या घरी रात्री २४५-२५० व्होल्ट येत असतील, तर सप्लाय दहा टक्क्यांहून जास्त चढतो आणि दोन्ही चॅनेल सारखेच जास्त तापतात. सिलेक्टरवर २४० ची खूण असेल तर तिथे आणा.

२. उघडा, पण आधी कंडेन्सर रिकामे करा

प्लग भिंतीतून काढा. नुसता स्विच बंद करून भागत नाही. झाकण काढल्यावर दोन मोठे फिल्टर कंडेन्सर दिसतील. प्रत्येकाच्या दोन टोकांवर २२० ओहमचा रेझिस्टन्स दहा-पंधरा सेकंद लावून धरा, मग मीटरने व्होल्टेज पाहा. एक-दोन व्होल्टच्या खाली आलं की पुढे जा. स्क्रू-ड्रायव्हर टेकवून ठिणगी पाडायची पद्धत अजून चालते. ती करू नका. तिने कंडेन्सर, ट्रॅक आणि कधी डोळाही दुखावतो.

सेट चालू असताना ध्यानात ठेवा की ट्रान्झिस्टरची धातूची टोपी म्हणजे त्याचा कलेक्टर (बेस, एमिटर, कलेक्टर या तीन टोकांपैकी एक) असतो. एका टोपीवर अधिक ३५ व्होल्ट आणि शेजारच्या टोपीवर, मांडणीनुसार, उणे ३५ असू शकतात. बोट किंवा मीटरची पिन दोन्हींच्या मध्ये गेली की खेळ संपला.

आता नुसतं बघा, हात लावू नका. काळवंडलेला पीसीबी (पार्ट बसवलेला बोर्ड), फुगलेला किंवा ओघळलेला कंडेन्सर, भाजलेला रेझिस्टन्स, रंग उडालेल्या पट्ट्या. ट्रान्सफॉर्मरच्या कडेला मेलेली पाल, झुरळांची अंडी, उंदराने कुरतडलेल्या वायरी. आपल्याकडे हे सगळं सापडतं. कोकणातल्या सेटमध्ये प्रीसेट (स्क्रू-ड्रायव्हरने फिरवून कमी-जास्त करायचे छोटे रेझिस्टन्स) आणि स्क्रू हिरवे पडलेले असतात. चार बाजूंनी फोटो काढून ठेवा. धूळ मऊ ब्रशने काढा. फुंकर मारून ती प्रीसेटमध्ये घालू नका.

३. पहिल्यांदा सिरीज बल्बवरच चालू करा

इलेक्ट्रिशियनकडे असतो तोच सिरीज बोर्ड. फेजच्या वायरीत बल्ब येतो आणि त्याच्या पुढे अ‍ॅम्प्लिफायर. बल्बची तार थंड असताना तिचा रोध कमी असतो, तापली की दहापटीहून जास्त वाढतो. त्यामुळे आत शॉर्ट असेल तर बल्ब पेटतो आणि अ‍ॅम्प्लिफायर वाचतो. सुरुवात ६० वॅटच्या बल्बने करा. स्पीकर जोडलेले नकोत.

- बल्ब क्षणभर उजळून जवळजवळ विझला: कंडेन्सर भरले, मोठा शॉर्ट नाही. पुढे जा.
- बल्ब पूर्ण पेटून तसाच राहिला: शॉर्ट आहे. आउटपुट ट्रान्झिस्टर, ब्रिज (एसीचा डीसी करणारे चार डायोड) किंवा फाटलेला मायका. कधी बायसचा (काही वाजत नसताना ट्रान्झिस्टरमधून वाहणारा थोडा करंट म्हणजे बायस) डायोड तुटलेला असला तरीही असंच दिसतं.
- बल्ब आधी मंद झाला आणि मग हळूहळू उजळत गेला: बायस वर चढतो आहे. हाच आपल्याला पकडायचा आहे.

पूर्ण पेटत असेल तर बंद करून, कंडेन्सर रिकामे करून, ट्रान्सफॉर्मरच्या सेकंडरी वायरी ब्रिजपासून सोडवा. तरीही बल्ब पेटतो? मग ट्रान्सफॉर्मरचं वाइंडिंग आतून शॉर्ट आहे. नुसता ट्रान्सफॉर्मर बल्ब जवळपास पेटवत नाही. विझला तर ब्रिज आणि पुढचा भाग पाहा.

डिमरस्टॅट (मेन्सचं व्होल्टेज कमी-जास्त करणारा ट्रान्सफॉर्मर) असेल तर उत्तम, पण तो बल्बच्या जागी वापरू नका. डिमरस्टॅट व्होल्टेज कमी करतो, करंट अडवत नाही. दोन्ही एकामागे एक लावा.

४. नेमकं काय तापतंय?

बल्ब मंद राहात असेल तर पाच-दहा मिनिटांनी पाहा. इन्फ्रारेड थर्मामीटर चकचकीत धातूवर चुकीचं, बरंच कमी तापमान दाखवतो. ट्रान्झिस्टरच्या टोपीवर आणि हीटसिंकवर काळ्या टेपचा छोटा तुकडा चिकटवा आणि टेपवर मोजा. टोपीला टेप लावण्याआधी सेट बंद असू द्या.

एकाच चॅनेलचा हीटसिंक गरम असेल तर खूश व्हा. दुसरा चॅनेल चांगला आहे, आणि पुढचं प्रत्येक माप दोन्हीकडे घेऊन फरक शोधायचा एवढंच काम उरतं. दोन्ही सारखे गरम असतील तर सप्लायचं व्होल्टेज, दोन्हीकडे वाढवलेला बायस किंवा पूर्वीच्या कुणाची दुरुस्ती, अशी कारणं शोधा.

५. आउटपुटवर डीसी किती आहे?

स्पीकरच्या टर्मिनलवर, स्पीकर न जोडता, डीसी व्होल्टेज मोजा. दुहेरी सप्लायच्या सेटमध्ये ५० मिलिव्होल्टच्या आत असेल तर छान. शंभरच्या वर असेल तर संशय घ्या. काही व्होल्ट असतील तर स्पीकर अजिबात जोडू नका. व्हॉइस कॉइल जळेल, आणि तो सगळा करंट एकाच ट्रान्झिस्टरमधून जाऊन तोच तापेल.

एकेरी सप्लायच्या जुन्या सेटमध्ये आउटपुटला मोठा कंडेन्सर असतो. तिथे कंडेन्सरच्या आतल्या बाजूला सप्लायच्या निम्मं व्होल्टेज हवं: ६० व्होल्ट सप्लाय असेल तर ३० च्या आसपास.

६. बायस करंट मोजा

पीसीबीवर आउटपुट ट्रान्झिस्टरजवळ पांढरे सिमेंट रेझिस्टन्स दिसतील, बहुधा ०.२२, ०.३३ किंवा ०.४७ ओहमचे. हे एमिटर रेझिस्टन्स. त्यांच्या दोन टोकांमधलं मिलिव्होल्ट मोजलं की करंट कळतो: मिलिव्होल्टला ओहमने भागा, उत्तर मिलिअँपिअरमध्ये येतं. ०.४७ ओहमवर १२ मिलिव्होल्ट म्हणजे सुमारे २५ मिलिअँपिअर. मॅन्युअलमधला आकडा कधी एका रेझिस्टन्सवरचा असतो, तर कधी दोन्हींवर मिळून. ते नीट वाचा, नाहीतर बायस दुप्पट किंवा निम्मा लावून बसाल.

मॅन्युअल नसेल तर २० ते ३० मिलिअँपिअर ही अशा सेटसाठी सुरक्षित जागा आहे. हा आकडा का महत्त्वाचा ते बघा. ७० व्होल्टच्या एकूण सप्लायवर २५ मिलिअँपिअर म्हणजे एका चॅनेलला पावणेदोन वॅट उष्णता. ३०० मिलिअँपिअर झाले की २१ वॅट, तेही एक सूर न वाजता.

दोन सापळे. प्रोबच्या पिनेनेच कधी कधी सर्किट गुणगुणायला लागतं. पिनेला १ किलोओहमचा छोटा रेझिस्टन्स जोडून त्याच्या दुसऱ्या टोकाने मोजा. आणि एमिटर रेझिस्टन्स स्वतःच बदललेला नाही ना, हे सेट बंद करून तपासा. इतका लहान रोध मोजताना मीटरच्या वायरींचा ०.२-०.३ ओहम त्यात मिसळतो. पिना एकमेकींना टेकवून येणारा आकडा वजा करा.

बल्ब लावलेला असताना सप्लाय थोडा कमी असतो, तेव्हा इथला आकडा अंतिम नव्हे. पण दोन चॅनेलमधला फरक इथेच दिसतो.

७. बायस वर कोण नेतंय? सगळा वेळ इथे द्या

ट्रान्झिस्टर तापला की त्याच्या बेस-एमिटरमधलं व्होल्टेज दर अंशाला सुमारे २ मिलिव्होल्टने कमी होतं. बाहेरून दिलेलं व्होल्टेज तेवढंच राहिलं तर करंट वाढतो, करंट वाढला की तो आणखी तापतो, आणि चक्र सुरू होतं. यालाच थर्मल रनअवे म्हणतात. ते रोखण्यासाठी बायस ठरवणारा डायोड किंवा छोटा ट्रान्झिस्टर मुद्दाम हीटसिंकला चिकटवलेला असतो. हीटसिंक तापला की तोही तापतो आणि बायस खाली ओढतो. हा संपर्क सुटला तर सर्किटमध्ये एकही पार्ट खराब नसताना सेट जळू शकतो.

माझ्याकडे आलेल्या एका सेटमध्ये उजव्या चॅनेलला थंड असताना ११ मिलिव्होल्ट आणि अर्ध्या तासाने १३ दिसत होते. डावीकडे १२ ने सुरुवात, मग १९, ३१, ४५, आणि काटा थांबायला तयार नाही. सगळे ट्रान्झिस्टर चांगले. हीटसिंकमध्ये एक भोक होतं, त्यात बायसचा ट्रान्झिस्टर बसवलेला. पेस्ट खडूसारखी वाळून गेली होती आणि तो तांदळाच्या दाण्याएवढा बाहेर सरकला होता. भोक अल्कोहोलने साफ केलं, नवी पेस्ट भरली, पत्र्याची छोटी क्लिप लावली. डावा चॅनेल १२ वरून १४ वर जाऊन थांबला. बाजारातून आणावी लागली ती फक्त पेस्ट.

म्हणून या क्रमाने पाहा:

क) बायसचा पार्ट जागेवर आहे का. सेट बंद करून लाकडी काडीने हलकेच हलवून बघा. त्या काळच्या बऱ्याच जपानी सेटांत दोन किंवा तीन जोड (जंक्शन) एकाच आवरणात असलेले बायस डायोड असायचे, एसटीव्ही-३एच सारखे. त्यांच्या बारीक पायांना वर्षानुवर्षे ताण पडून पाय आवरणाच्या अगदी कडेला तुटतो. वरच्या पेस्टमुळे तो तुटलेला दिसतच नाही. डायोड असा ओपन झाला की बायसवर कुणाचाच लगाम राहात नाही.

ख) ड्रायव्हरच्या (आउटपुट ट्रान्झिस्टरना चालवणारे छोटे ट्रान्झिस्टर) दोन बेसमधलं व्होल्टेज. दोन्ही आउटपुट ट्रान्झिस्टर एनपीएन असतील, म्हणजे दोन्ही टोप्यांवर २एन३०५५, तर तिथे तीन जोडांचं १.८ ते १.९ व्होल्ट असावं. वर २एन३०५५ आणि खाली एमजे२९५५ अशी जोडी असेल तर बहुधा चार जोडांचं २.२ ते २.४. याहून स्पष्ट जास्त दिसलं की दोष बायसच्या साखळीत आहे, आउटपुटमध्ये नाही.

ग) प्रीसेट. तीस-चाळीस वर्षांचा उघडा कार्बन प्रीसेट हा मोठा गुन्हेगार. त्याचा सरकता पाय ट्रॅक सोडतो आणि काही सर्किटांत तेवढ्यानेच बायस टोकाला जातो. फिरवण्याआधी त्याच्या जागेचा फोटो काढा, पेन्सिलीने खूण करा. माझं मत विचाराल तर साफ करत बसू नका, बदलाच. जुना काढून दोन्ही बाजूंचा रोध मोजा, तेवढ्याच ओहमचा बंद डबीतला नवा त्याच स्थितीला आणून बसवा, आणि बल्बवर चालू करून किंचित फिरवा. मिलिव्होल्ट कमी होतात ती बाजू लक्षात ठेवा.

घ) साखळीतले रेझिस्टन्स आणि डाग (सोल्डरचे जोड). जुने कार्बन रेझिस्टन्स वरच्या बाजूला सरकतात. एक टोक सोडवून मोजा. ड्रायव्हर आणि बायस यांच्या जोडांवर बारीक गोल चीर दिसली की नवा डाग द्या.

८. मायका, पेस्ट आणि स्क्रू

बायस बरोबर असूनही एक टोपी खूप गरम आणि हीटसिंक मात्र गार, असं दिसलं तर उष्णता ट्रान्झिस्टरमधून बाहेरच पडत नाही. २एन३०५५ चे ११५ वॅट हा आकडा टोपी २५ अंशांवर राखली तरचा आहे. पेस्ट वाळली की त्यातला फारच थोडा हाती उरतो.

ट्रान्झिस्टर काढा, जुनी पेस्ट पूर्ण पुसा, भोकांच्या कडेला धातूची कूस उभी आहे का ते नखाने चाचपा. ती कूस मायकाला भोक पाडते. नवा मायका, दोन्ही बाजूंना पेस्टचा अगदी पातळ थर, बुश, आणि दोन्ही स्क्रू आळीपाळीने थोडे थोडे आवळायचे. नंतर टोपी आणि हीटसिंक यांच्यात मीटर अनंत रोध दाखवतो ना, ते पाहिल्याशिवाय सेट चालू करू नका. पेस्ट जास्त भरली तर उलट उष्णता अडते.

मायकाऐवजी जुना पांढरा सिरॅमिक वॉशर निघाला तर तो घासू, कापू किंवा फोडू नका. असे काही वॉशर बेरिलियम ऑक्साइडचे असत आणि त्याची धूळ फुप्फुसांना घातक आहे.

९. ऐकू न येणारं ऑसिलेशन

सगळं ठीक, तरी तापतो. प्रीसेट फिरवला तरी मिलिव्होल्ट नीट उतरत नाहीत. स्पीकरची वायर हलवली की आकडा बदलतो. अशा वेळी सेट कानाला न ऐकू येणाऱ्या फ्रिक्वेन्सीवर स्वतःशीच ऑसिलेट करतो आहे, म्हणजे बाहेरून सिग्नल नसताना स्वतःच सिग्नल तयार करतो आहे. आउटपुटवर १० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरडची जोडी असते. तो १० ओहमचा रेझिस्टन्स भाजलेला दिसला तर जवळपास खात्री समजा. ऑसिलोस्कोप असेल तर लगेच दिसतं. नसेल तर मीडियम वेव्हचा रेडिओ जवळ आणून दोन स्टेशनांच्या मधल्या शांत जागी लावा. अ‍ॅम्प्लिफायर चालू-बंद करताना शिट्टी किंवा गुरगुर येऊन जात असेल तर तो चांगला इशारा आहे, पुरावा मात्र नव्हे.

कारणं दोनच जास्त भेटतात. बोर्डावरचे सप्लायचे छोटे इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर वाळलेले. ते १०५ अंशांच्या जातीचे, तेवढ्याच मायक्रोफॅरडचे आणि तेवढ्या किंवा जास्त व्होल्टचे नवे लावा. दुसरं कारण, मधे कुणीतरी बदललेले ट्रान्झिस्टर. सुरुवातीचे २एन३०५५ संथ होते, पुढच्या बनावटीचे बरेच वेगवान आहेत, आणि जुन्या आराखड्यांना हा वेग कधी कधी पेलत नाही.

१०. ट्रान्झिस्टर खरंच बदलायचे असतील तर

डायोड टेस्टवर बेस-एमिटर आणि बेस-कलेक्टर एका दिशेने ०.५ ते ०.७ च्या आसपास, उलट दिशेने काही नाही, आणि कलेक्टर-एमिटर कुठल्याच दिशेने शॉर्ट नाही, तर तो ठीक आहे. मोजताना सर्किटपासून सुटा करा. एक गेला असेल तर जोडी बदला, त्यांचे ड्रायव्हर आणि एमिटर रेझिस्टन्सही तपासा. शॉर्ट झालेला आउटपुट सहसा एकटा जात नाही.

खरेदी जपून. मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात बुधवार पेठेतली तपकीर गल्ली, दोन्हीकडे माल मिळतो, पण या जातीच्या ट्रान्झिस्टरांत डुप्लिकेट फार. भाव संशयास्पद कमी असेल, छपाई बोटाने पुसली जात असेल, तर घेऊ नका. चार लागत असतील तर पाच घ्या आणि एकाची टोपी हॅकसॉने कापून बघा. आतली चिप मोठ्या टोपीत हरवल्यासारखी चिमुकली दिसली तर उरलेले परत करा.

तुमच्या सेटमध्ये एडी१४९, एसी१२८, एसी१८८ असे नंबर दिसले तर तो साठच्या दशकाच्या घडणीचा जर्मेनियमचा सेट आहे. तिथे बेस-एमिटरला ०.२-०.३ व्होल्टच असतात, गळती दर दहा अंशांना साधारण दुप्पट होते, आणि आतला जोड ९०-१०० अंशांपुढे टिकत नाही. २एन३०५५ ची मर्यादा २०० आहे. त्या जागी सिलिकॉन ट्रान्झिस्टर तसाच बसत नाही. बायसमध्ये थर्मिस्टर (तापमानानुसार रोध बदलणारा पार्ट) असेल तर आधी तो पाहा. सप्लायची अधिक बाजू चॅसीला जोडलेली असू शकते, हे मीटर लावण्याआधी तपासा.

११. बायस लावणे आणि शेवटची परीक्षा

प्रीसेट कमीत कमी बायसच्या बाजूला. बल्बवर चालू, आउटपुटचं डीसी ठीक, बल्ब मंद. मग १०० वॅटचा बल्ब. मग सरळ मेन्सवर, आत मॅन्युअलप्रमाणेच फ्यूज असताना. फ्यूजच्या जागी जाड तार घालून चाचणी करणाऱ्याकडे सेट देऊसुद्धा नका.

व्हॉल्यूम शून्य, स्पीकर नाहीत. दहा मिनिटांनी बायस हव्या त्या आकड्याच्या थोडा खाली लावा. झाकण नुसतं वर ठेवून तासभर सोडा, कारण झाकणामुळे आतली हवा बदलते आणि आकडाही. मग पुन्हा मोजा आणि बारीक फेरफार करा. १२ चे १४-१५ होऊन थांबले तर चांगलं. हळू का होईना, चढतच राहिले तर पायरी ७ वर परत जा. प्रीसेट खाली करून ते दडवू नका.

यानंतर एखादे जुने, जीव न लावलेले स्पीकर जोडून मध्यम आवाजात दोन तास वाजवा आणि हीटसिंक व ट्रान्सफॉर्मर दोन्ही मोजा. सगळं जमलं की कागदाच्या चिठ्ठीवर तारीख, खोलीचं तापमान, मेन्सचं व्होल्टेज, दोन्ही चॅनेलचे थंड आणि गरम मिलिव्होल्ट, आउटपुटचं डीसी लिहा आणि ती झाकणाच्या आतून, हीटसिंकपासून दूर चिकटवा. पुढच्या वर्षी पुन्हा उघडाल तेव्हा काय बदललं ते त्या चिठ्ठीवरून मिनिटभरात कळेल.